बाईचा खोका

१

पाली कोळीवाड्यातल्या धर्माच्या घरात दुपार अशी असे. लक्ष्मी भाईंदरच्या बाजारात मासळी विकून परत यायची, मोरीत पाय धुवायची, रिकामी पाटी भिंतीशी पालथी घालायची आणि तोंड पुसता पुसताच बोलायला लागायची. कुणी पापलेट उलटंपालटं करून करून शेवटी बोंबीलच नेले. एस.टी.चा कंडक्टर पाटी बघून नाकाला रुमाल लावत होता आणि तिला उतरवताना हळूच कोळंबीचा भाव विचारत होता. धर्मा फाटकं जाळं मांडीवर घेऊन विणत विणत ऐकायचा.

गुडघा कामातून गेल्यापासून तो होडीवर जात नव्हता. बोलायचा मात्र तो पहिल्यापासूनच कमी. लग्न ठरलं तेव्हा लक्ष्मीच्या आईने चौकशी केली होती, मुलगा मुका तर नाही ना म्हणून. लक्ष्मी ती गोष्ट सगळ्यांना हसत हसत सांगायची. "मंग मीच ठरवलं," म्हणायची, "दोघांचं मीच बोलेन."

धुक्यात होडी परत येते तेव्हा किनारा दिसत नाही, आधी त्याचा आवाज येतो. कुत्री, पोरं, कुणीतरी कुणाला मारलेली हाक. मग नाखवा सुकाणूवरचा हात सैल सोडतो. धर्माला लक्ष्मीचं बोलणं तसं होतं. सगळे शब्द कानात शिरायचेच असं नाही. पण ते चालू असलं की आपण पोचलो, असं त्याला वाटायचं.

त्या साली शिमगा झाल्यावर नाथाने स्टिरिओ पाठवला. नाथा त्यांचा एकुलता एक मुलगा, मोठ्या जहाजावर भटारखान्यात होता. त्याच्या जहाजावरचा एक सोबती सुट्टीवर आला होता, त्याने ते जपानी यंत्र आणून बसवून दिलं. मधे तबकडी फिरवायचं मशीन, आणि दोन बाजूंना आवाजाचे दोन लाकडी खोके. एक दाराच्या बाजूला, दुसरा समुद्राकडच्या भिंतीच्या कोपऱ्यात. लक्ष्मीने होडीच्या नव्या इंजिनाला करतात तशी पूजा केली. दोन्ही खोक्यांना हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, झेंडूची माळ घातली.

बरोबर एकच तबकडी आली होती, कुठल्यातरी परक्या भाषेतली. तिच्यात गंमत अशी की गडी दाराकडच्या खोक्यातून गायचा आणि बाई कोपऱ्यातल्या खोक्यातून. तो काहीतरी विचारायचा, ती उत्तर द्यायची. भाषा कुणालाच कळत नव्हती, म्हणून लक्ष्मी सांगायची.

"तो म्हनतो, आज जाल्यात काय गावलं न्हाय. ती म्हनते, मंग घरी कनाला आलास? तो म्हनतो, भूक लागली. ती म्हनते, जालं खा!"

शेजारची जिजाबाई हसून हसून भिंतीला टेकायची. धर्मासुद्धा हसायचा. आवाज न करता, खांदे हलवून.

२

एका दुपारी बाई गायची थांबली.

गडी गात होता. त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि बाईने उत्तर द्यायच्या जागी काहीच आलं नाही. थोडं थांबून त्याने पुढचा प्रश्न विचारला. असा तो शेवटपर्यंत एकटाच विचारत राहिला.

"रुसली," लक्ष्मी म्हणाली. "पुरुसमानूस एवढा बडबडा असला तं कोन न्हाय रुसनार?"

नाथाच्या सोबत्याने जाताना धर्माला दोन-चार गोष्टी दाखवून ठेवल्या होत्या. त्या त्याने एकेक करून पाहिल्या. सुईवरचा कचरा फुंकरीने काढला. आवाज डावीउजवीकडे सरकवायचं बटण एका बाजूला फिरवलं, तेव्हा गडी मोठ्याने ओरडायला लागला. दुसऱ्या बाजूला फिरवलं, तेव्हा खोली गप्प झाली. मग त्याने खोक्यामागच्या तारा सोडवल्या. खाऱ्या हवेने तांबं काळं पडलं होतं. ते दाढीच्या पात्याने खरवडून चकचकीत केलं, पुन्हा पीळ देऊन बसवलं.

काही नाही.

धर्माने कोपऱ्यातल्या खोक्याच्या जाळीदार कापडाला कान लावला. बिघडलेला रेडिओ निदान खरखरतो. हा तसा नव्हता. कानाला लागलेलं कापड खरखरीत होतं, पण कान त्यावर घासला तरी घासल्याचा आवाज झाला नाही. हे त्याच्या लक्षात आलं, आणि वयाबरोबर ऐकू कमी येत असेल, म्हणून त्याने सोडून दिलं.

३

भाईंदरहून लीलाधर आला. तो रेडिओ दुरुस्त करायचा. मूळचा रत्नागिरीकडचा, सडपातळ, हाताबरोबर तोंडही चालवणारा. येताच त्याने चपला काढल्या आणि मशीनपुढे मांडी घातली.

"काकी, चहा टाका. पाच मिनिटांचं काम आहे. धर्माकाका, बघा, सिंपल हिशोब असतो. दोन्ही खोक्यांच्या तारा अदलाबदल करायच्या. मुकेपणा तारेबरोबर दुसरीकडे गेला, तर मशीनमध्ये लोचा. तिथेच राहिला, तर खोका खराब. बस्. तिसरं काही नसतंच."

त्याने तारा बदलल्या. आता दाराकडच्या खोक्यातून बाई गायला लागली, खणखणीत. कोपऱ्यातला खोका मुका.

"म्हणजे मशीन ओके. खोका गेला."

मुका खोका उचलून त्याने दाराशी आणला, चालू खोका कोपऱ्यात नेऊन ठेवला, आणि तबकडी पुन्हा लावली. दाराशी आणलेला खोका छान गायला लागला. आत्तापर्यंत गाणारा खोका कोपऱ्यात जाऊन मुका झाला.

लीलाधरने दुसरी लांब तार लावून पाहिली. खोके पुन्हा इकडचे तिकडे केले. मग पिशवीतून बॅटरीचा सेल काढला आणि तारेची दोन टोकं सेलला लावली.

"असा सेल लावला की आतला पडदा हलतो आणि खट् वाजतं," तो म्हणाला. हे आता तो धर्माला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता.

दाराशी खट् वाजलं. मग तो कोपऱ्याशी गेला, खोक्याचं कापड बाजूला केलं आणि सेल लावला. काळा पडदा पुढे आला, मागे गेला. धर्माने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा पुढे आला, पुन्हा मागे गेला. आवाज आला नाही.

लीलाधरने हातातली पक्कड कोपऱ्यातल्या फरशीवर आपटली. मग जरा जोराने आपटली. फरशीवर पांढरा ओरखडा उठला.

बाहेर पोरं गोट्या खेळत होती, त्यांचं भांडण स्पष्ट ऐकू येत होतं.

"काकी," तो उठत म्हणाला, "दोन्ही खोके इकडेच ठेवा, दाराच्या अंगाला. चालतील. एकदम झकास चालतील. तिथे नका ठेवू."

"आनि तिथं काय हाय?" लक्ष्मीने चहा पुढे करत विचारलं.

"काही नाही. तिथे काही ठेवूच नका ना."

चहाचा कप तसाच राहिला. चपला हातात घेऊनच तो पायरी उतरला.

४

धर्माने दोन्ही खोके दाराच्या अंगाला नेले, आणि कोपरा रिकामा झाला. लक्ष्मीच्या माहेरी, अर्नाळ्याला, तिच्या आजीची एक रीत होती. पूजा केलेली वस्तू तिच्या जागेवरून हलवली, तर ती जागा उघडी टाकायची नाही. घरच्या माणसाने काही दिवस तिथे बसून ती धरायची. होडीचं जुनं इंजिन काढलं, तेव्हा लक्ष्मीचे वडील नवं येईपर्यंत रोज संध्याकाळी त्या रिकाम्या खोबणीत पाय सोडून बसत.

"नको बसू तिथं," धर्मा म्हणाला. त्याच्या मानाने हे पुष्कळ होतं.

"कुंकू लावलेली जागा हाय ती. अशीच टाकू?" ती म्हणाली. "तो लीलाधर भाईंदरचा. त्याला काय ठाव?"

दुसऱ्या दिवशी बाजारातून आल्यावर तिने कोपऱ्यात चटई घातली आणि सुकी कोळंबी सोलायला घेऊन बसली. धर्मा जाळं विणत होता. थोड्या वेळाने त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने मान वर केली.

लक्ष्मी बोलत होती. तिचे ओठ हलत होते, भुवया नेहमीसारख्या वर जात होत्या. कोळंबीचं डोकं मोडून ती ताटात टाकत होती, हातातल्या बांगड्या खाली-वर होत होत्या. बोलण्याचा, बांगड्यांचा, ताटाचा, कशाचाच आवाज नव्हता. मधेच थांबून तिने मान तिरकी केली, कुणाचं तरी ऐकल्यासारखी. मग तोंडाला पदर लावून हसली.

धर्माने जाळं बाजूला ठेवलं. हाक मारावी असं वाटलं, पण मारली नाही.

ताट भरल्यावर ती उठून आली, तशा बांगड्या किणकिणल्या. तिचा चेहरा लग्नातल्यासारखा उजळला होता.

"आज किती बोललात हो!" ती म्हणाली. "मना वाटलं, नाथाने यंत्रासंगं तुमालाबी दुरुस्त करून पाठवला."

"मी कुठं बोललो?"

"घ्या! आता झालं परत मुकेपन चालू." ती हसत चुलीकडे गेली. "तुमच्या आईचं काय काय सांगितलात. मना कदी ठावच नव्हतं."

धर्माने आईबद्दल तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. सांगायचं नेहमी मनात असायचं.

५

मग ती रोज बसू लागली. सोलायला काही नसलं तरी बसायची. बाजारातून येण्याची तिला घाई व्हायला लागली. पाय नीट न धुताच ती आत यायची, आणि ओल्या पावलांचे ठसे सरळ कोपऱ्यापर्यंत उमटायचे.

धर्मा स्वतःशी विचार करी. आपले कान गेले असतील. म्हणून तो गजराचं घड्याळ कानाशी धरून बघे. टिकटिक ऐकू यायची. खाडीच्या तोंडाशी लागणाऱ्या होड्यांची इंजिनं, बोंबील वाळवायच्या काठ्यांवर बसणारे कावळे, सगळं यायचं. मग डोकं फिरलं असेल. पण डोकं फिरलेल्या माणसाला जाळ्याची गाठ इतकी नीट मारता येईल का? त्याची गाठ एकही चुकत नव्हती.

एका सकाळी लक्ष्मी बाजारात गेली असताना तो स्वतः कोपऱ्यात जाऊन बसला. तिला जे मिळतं ते आपल्यालाही मिळेल, असं त्याला वाटलं असेल. तो खोकला, पण खोकल्याचा आवाज ऐकू आला नाही. बाकी काही झालं नाही. फक्त चटई गरम होती. लक्ष्मी उजाडायच्या आधी घरातून गेली होती, आणि चटई अशी गरम होती, जसं कुणीतरी त्याला जागा द्यायला आत्ताच उठलं असावं. तो गुडघ्याचं दुखणं विसरून उठला.

तिचं बोलणं खोलीच्या इतर भागातही कमी होत गेलं. आधी वाक्यातला एखादा शब्द गळायचा. मग अख्खं वाक्य. चुलीशी बसून ती काही म्हणायची आणि त्याच्यापर्यंत फक्त शेवटचं "ना?" पोचायचं.

जिजाबाई एका दुपारी दारात आली. "भावोजी, लक्ष्मीला काय झालाय? बाजारात तोंड उघडते, पन आवाजच न्हाय निघत. गिऱ्हाईक समोरून निघून जातंय. हाका मारनारी बाई, तिच्या पाटीवर माश्या बसल्या आज. मी इचारलं तं माझ्याकडं असं बघते, जशी मीच दूर कुठं उभी हाय."

कोपऱ्यात लक्ष्मी बसली होती. जिजाबाईने तिला हाक मारली. लक्ष्मीने वळून पाहिलं नाही.

"तिला अर्नाळ्याला न्या," जिजाबाई दबक्या आवाजात म्हणाली. "भावाकडं ठेवा थोडे दिवस. या घरातून काढा."

त्याच दिवशी धर्माने लक्ष्मीला दंडाला धरून कोपऱ्यातून उठवलं. कधी तिच्यावर हात न उचललेला माणूस, त्याने तिला ओढत दारापर्यंत आणलं, उन्हात उभं केलं. "अर्नाळ्याला जाऊ," म्हणाला. "आता. चल."

ती बोलत होती. रागाने नव्हे, समजावत. उन्हात, भर गल्लीत, तिच्या तोंडातून एक अक्षर निघत नव्हतं.

"मी बोलीन," धर्मा म्हणाला. "तुज्याशी. रोज. ऐक..." एवढ्या वर्षांचं सगळं छातीत होतं, पण बाहेर यायची वाट त्याने कधी पाडलीच नव्हती. "आज... आज वारा हाय," तो म्हणाला.

लक्ष्मीने त्याच्या गालावरून हात फिरवला. दुसऱ्याच्या आजारी मुलाला माणूस गोंजारतं तसा. मग ती आत गेली.

६

धर्माचा बाप घोळ मासा ऐकून शोधायचा. घोळीचा थवा पाण्याखाली गुरगुरतो, म्हणायचा. होडी थांबवून तो वल्ह्याचं पातं पाण्यात उभं सोडायचा आणि दांड्याला कान लावायचा. वरच्या हवेत जे येत नाही ते लाकडातून येतं. लहानपणी धर्मानेही कान लावला होता, आणि पायाखाली केवढं जग बोलत असतं हे कळून तो भ्याला होता.

उन्हं उतरायला लागली होती. लक्ष्मी कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती, पाय पोटाशी घेऊन, तोंड भिंतीकडे. धर्माने मागच्या पडवीतून वल्हं आणलं. चटईच्या कडेला, तिच्या पायाशी, पातं फरशीवर टेकवलं. तिने पाहिलं नाही. तो हळूच वाकला आणि दांड्याला कान लावला.

आधी पाणी असल्यासारखं काहीतरी. मग लक्ष्मीचा आवाज.

धर्माच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोच आवाज, जरासा घोगरा, घाईचा, शब्दांवर शब्द चढणारा. ती कंडक्टरचं सांगत होती. नाथाचं सांगत होती. बांगड्या वाजत होत्या. काहीही हरवलं नव्हतं, सगळं तिथे होतं. तो दांडा घट्ट धरून नुसता ऐकत राहिला, आणि थोडा वेळ त्याला खरंच वाटलं, की हे एवढं पुरे आहे. वल्हं आहे तोवर चालेल.

मग ती थांबली, आणि दुसरा आवाज बोलू लागला.

तो धर्माचा आवाज होता. सावकाश, न अडखळणारा. तो तिला आईबद्दल सांगत होता, वादळात होडी उलटली त्या दिवसाबद्दल, तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जेटीवर कशी उभी होती त्याबद्दल. प्रत्येक गोष्ट खरी होती. प्रत्येक गोष्ट धर्माच्या मनात जशी होती तशीच होती, फक्त नीट, गोड करून सांगितलेली. लक्ष्मी मधे मधे "हो?" म्हणत होती, "आनि मंग?" म्हणत होती.

धर्माने ओठांवर बोटं ठेवली. आपले ओठ हलत नव्हते.

"लक्ष्मे," त्याने हाक मारली. मग मोठ्याने मारली. मग अशी मारली की बाहेरच्या पोरांचा खेळ थांबला. गळा फाटेपर्यंत तो तिला हाका मारत होता आणि कान दांड्यावरच होता. त्याची हाक लाकडातून तिकडे पोचली. त्याला ती पोचताना ऐकू आली, बारीक, समुद्रात लांबवर कुणीतरी ओरडावं तशी.

तिकडचं बोलणं थांबलं.

चटईवर लक्ष्मीने मान उचलली आणि खोलीभर पाहिलं. तिची नजर धर्मावरून गेली, दारापर्यंत गेली, परत आली. तिच्या कपाळावर एक बट आली होती. ती बट आपोआप उचलली गेली आणि तिच्या कानामागे नीट बसली. लक्ष्मीचे दोन्ही हात मांडीवर होते.

"भायेर कोन हाय?" तिने विचारलं. "कोनतरी हाकारतंय."

"कोन न्हाय गो," लाकडातून धर्माचा आवाज म्हणाला. "तू बोल."